मणक्याच्या ऑपरेशनमध्ये रक्त वाचवणारं इंजेक्शन: काय विचारायचं, काय सांगायचं, कशावर लक्ष ठेवायचं

मणक्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की नातेवाइकांच्या हातात पडणाऱ्या कागदावर बहुतेक वेळा एक ओळ असते: रक्ताच्या दोन पिशव्यांची सोय करून ठेवावी. मग घरात फोनाफोनी सुरू होते. कुणाचा गट जुळतो, बार्शीचा भाचा येईल का, कारखान्यातलं कुणी देईल का. ही धावपळ गरजेचीच आहे. पण त्याच वेळी विचारायचा दुसरा प्रश्न फार थोडे जण विचारतात: मुळात रक्त कमी जावं म्हणून काय करणार आहात?

त्या प्रश्नाचं एक उत्तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड नावाच्या इंजेक्शनात आहे. औषध जुनं आहे, रक्ताच्या पिशवीच्या मानाने स्वस्त आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते द्यायचं का आणि किती, हे सर्जन आणि आम्ही भूलतज्ज्ञ मिळून ठरवतो. पण ठरवताना हाताशी असलेली बरीचशी माहिती रुग्णाकडून आणि घरच्यांकडून आलेली असते. ती अर्धवट आली तर चांगलं औषध चुकीच्या माणसाला जाऊ शकतं, किंवा ज्याला त्याची खरी गरज आहे त्याला शंकेपोटी मिळत नाही. ऑपरेशन ठरल्या दिवसापासून घरी जाईपर्यंत तुमच्या हातात काय काय आहे, ते इथं क्रमाने सांगतो. यात दिलेल्या मात्रा समजून घेण्यासाठी आहेत. त्यावरून स्वतः गोळी किंवा इंजेक्शन घ्यायचं नाही.

मणक्यातच एवढं रक्त का जातं

हातापायाच्या ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनी दिसते, चिमट्यात धरता येते, बांधता येते. मणक्यात ती सोय कमी. हाड कोरलं की आतल्या भुसभुशीत भागातून रक्त झिरपत राहतं, आणि तिथं बांधायला काही नसतं. मज्जारज्जूच्या आवरणाभोवती पातळ भिंतींच्या शिरांचं जाळं असतं. त्या शिरांना झडपा नसतात, त्यामुळे पोटावर दाब आला की त्या फुगतात. म्हणूनच रुग्णाला पालथं झोपवताना छातीखाली आणि कमरेच्या हाडाखाली आधार देऊन पोट मोकळं लोंबतं ठेवतात. पाहणाऱ्याला ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण कुठलंही औषध न देता रक्तस्राव कमी करणारी ती पहिली गोष्ट आहे.

रक्त किती जाईल हे ऑपरेशनवर ठरतं. दुर्बिणीखाली एका ठिकाणची सरकलेली गादी काढायची असेल तर साधारण ५० ते १०० मिली, म्हणजे चहाच्या एका कपाएवढं. एका पातळीवर स्क्रू आणि रॉड टाकायचे असतील तर २०० ते ५०० मिली. पाठीचा बाक सरळ करायचा असेल, चार-पाच मणके जोडायचे असतील किंवा मणक्याच्या टीबीने पोखरलेलं हाड काढायचं असेल, तर एक लिटर किंवा त्याहूनही जास्त.

आता हाच आकडा माणसाप्रमाणे बदलतो. प्रौढ माणसाच्या शरीरात किलोमागे सुमारे ७० मिली रक्त असतं. ऐंशी किलोच्या, हिमोग्लोबिन १४ असलेल्या माणसाचं ८०० मिली रक्त गेलं तर तो बहुधा निभावून नेतो. सोलापुरात दिवसभर मान खाली घालून विड्या वळणाऱ्या, पंचेचाळीस किलोच्या, हिमोग्लोबिन ९ असलेल्या बाईंचं तेवढंच रक्त गेलं तर तिच्या एकूण रक्ताचा चौथा भाग गेलेला असतो. ऑपरेशन दोघांचंही एकाच नावाचं असतं. तयारी मात्र एकसारखी असून चालत नाही.

औषध नेमकं काय करतं

जखम झाली की रक्ताची गुठळी धरते आणि छिद्र बुजतं. पण शरीर त्याच वेळी ती गुठळी विरघळवण्याचं कामही सुरू करतं. मोठ्या ऑपरेशननंतर हे विरघळवणं वाढतं, शेवटचा टाका पडल्यावरही काही तास जोरात राहतं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चालू शकतं. ऑपरेशन टेबलावर कोरडी दिसलेली जखम वॉर्डमध्ये आल्यावर नळीतून रक्त सोडत राहते, त्यामागे हेही एक कारण असतं.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड ही विरघळवण्याची क्रिया रोखतं. रक्तातल्या प्लाझ्मिनोजेन नावाच्या प्रथिनाला गुठळीच्या धाग्यांवर बसायची जी जागा असते, ती हे औषध अडवून ठेवतं. म्हणजे ते नवीन गुठळी तयार करत नाही, झालेली गुठळी टिकवतं. ‘रक्त घट्ट करणारं इंजेक्शन’ असं म्हणून काही जण घाबरतात, त्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

जपानमधल्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके ओकामोतो यांनी हे औषध शोधलं. १९६२ साली त्यांनी त्याबद्दल प्रसिद्ध केलं. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायका वाचाव्यात ही उताकोबाईंची तळमळ होती. बाळंतपणातल्या रक्तस्रावावर २०,०६० बायकांमध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासाने ती आशा खरी ठरवली, पण त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले आणि उताकोबाई २०१६ मध्येच गेल्या होत्या. अपघातातल्या रुग्णांवरचा मोठा अभ्यास २०१० साली आला. त्यात वीस हजारांहून अधिक रुग्ण होते, औषध लवकर दिल्यास मृत्यू कमी होतात हे त्यात दिसलं, आणि पहिल्या तीन तासांनंतर दिल्यास फायदा तर नाहीच, उलट नुकसान होऊ शकतं हेही पुढे स्पष्ट झालं. पुणे, हैदराबाद आणि विजयपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यांवर अपघात होऊन मणका मोडलेले रुग्ण सोलापुरात येतात. त्यांच्यासाठी ते तीन तास फार मोलाचे आहेत.

हृदयाच्या व्यतिरिक्त इतर ऑपरेशनांवरचा मोठा अभ्यास २०२२ सालचा. ९,५३५ रुग्णांपैकी ज्यांना हे इंजेक्शन मिळालं त्यांच्यात गंभीर रक्तस्राव शंभरात ९.१ जणांना झाला, ज्यांना मिळालं नाही त्यांच्यात ११.७ जणांना. मणक्याच्या ऑपरेशनांवर झालेल्या अभ्यासांचं सारही त्याच दिशेने जातं: ऑपरेशन जेवढं मोठं, तेवढा फायदा जास्त. एका गादीच्या छोट्या ऑपरेशनला ते बहुतेकदा लागतच नाही. सर्जन म्हणाले ‘गरज नाही’, तर त्यात हयगय झाली असं समजू नका.

पायरी पहिली: हिमोग्लोबिन, आणि तेही महिनाभर आधी

इंजेक्शन रक्त वाचवतं, वाढवत नाही. अंगात मुळात रक्तच कमी असेल तर वाचवलेलंही पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली आणि गर्भवती नसलेल्या बाईचं १२ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे ऑपरेशनला येणाऱ्या बाईचं रक्त कमी असेल असं धरूनच चालावं.

ऑपरेशनचा विषय निघाला त्याच आठवड्यात सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजणारी तपासणी करा. हिमोग्लोबिन कमी आलं तर कारण शोधायला सांगा: लोह कमी आहे, बी-१२ कमी आहे, मूळव्याधीतून रक्त जातं, की दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात जखम झाली आहे. वर्षानुवर्षं कंबरदुखीवर गोळ्या खाणाऱ्यांत हे शेवटचं कारण पुष्कळदा सापडतं. लोहाच्या गोळ्यांना शरीराने साथ दिली तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक ते दोन ग्रॅम वाढतं. वेळ कमी असेल किंवा गोळी पोटाला सोसत नसेल तर शिरेतून लोह देता येतं, त्याचीही विचारणा करा.

गोळी घेण्याची रीत सांभाळली तरच ती लागू पडते. चहासोबत घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर जास्त शोषली जाते. आणि मणक्याच्या रुग्णांच्या बाबतीत खास सांगायचं ते हे, की बहुतेकांना कॅल्शियमची गोळीही चालू असते, आणि दोन्ही एकाच वेळी घेतल्या तर कॅल्शियम लोहाला अडवतं. एक सकाळी, एक रात्री असं करा. शौचाला काळं होईल, त्याने घाबरू नका. जेवणात बाजरीची भाकरी, पालेभाजी, अळीव, खाणाऱ्यांनी मटणाची कलेजी, हे सगळं चांगलं आहे. पण हिमोग्लोबिन ८ असताना नुसत्या खाण्यावर विसंबून महिना घालवू नका.

हे सगळं वेळ हाताशी असेल तर. लघवी अडली, बसायच्या जागेची संवेदना गेली, पाय लुळा पडत चालला, तर महिनाभर थांबायचं नाही. ते ऑपरेशन तातडीचं असतं आणि रक्ताची सोय ऑपरेशनबरोबरच होते.

पायरी दुसरी: गोळ्यांची पिशवी घेऊन या

‘काही औषधं चालू आहेत का?’ या प्रश्नाला ‘नाही, फक्त बीपीची’ हे उत्तर मी असंख्य वेळा ऐकलं आहे, आणि मग पिशवी उघडल्यावर आत रक्त पातळ करणारी गोळी निघते. म्हणून तोंडी सांगू नका. घरातली सगळी पाकिटं, बाटल्या, पुड्या एका पिशवीत भरून आणा आणि टेबलावर ठेवा.

आम्ही त्यात काय शोधतो ते सांगतो. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्तातल्या बिंबाणूंना, म्हणजे गुठळी धरायला मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशींना, निकामी करतात, आणि नवे बिंबाणू तयार व्हायला दिवस लागतात, म्हणून क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवतात. वॉरफरिन पाच दिवस आधी थांबवून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप, तपासतात. ॲपिक्साबान, रिव्हारोक्साबान, डॅबिगट्रान या नव्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहून आधी. पण यातली एकही गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका. हृदयात स्टेंट बसवला असेल, झडप बदलली असेल, तर गोळी बंद करणं जिवावर बेतू शकतं. स्टेंट कधी बसला त्याचं कार्ड आणा, आणि हृदयाच्या डॉक्टरांचं लेखी मत घ्या. स्टेंट अलीकडचा असेल तर तातडी नसलेलं ऑपरेशन काही महिने पुढे ढकलणंच शहाणपणाचं ठरतं.

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या दुखण्याच्या गोळ्याही रक्त थोडं पातळ ठेवतात. त्या कधी बंद करायच्या ते विचारा. त्या दिवसांत दुखणं सोसत बसायची गरज नसते, पॅरासिटामॉलसारखी दुसरी गोळी मिळते. माशाच्या तेलाच्या, लसणाच्या आणि ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलही दाखवा. स्वयंपाकातला लसूण आणि हळद यांची चिंता नको.

आणि एक गोष्ट संकोच न करता सांगा: कंबरदुखीसाठी कुणाकडून आणलेली, नाव नसलेली पुडी किंवा गोळी. अशा पुड्यांत कित्येकदा स्टिरॉइड आणि तीव्र वेदनाशामक मिसळलेलं असतं. स्टिरॉइड महिनोन्महिने पोटात गेलं असेल तर भूल देताना रक्तदाब अचानक कोसळू शकतो. आम्हाला माहीत असेल तर त्याची तयारी करता येते. तुम्ही ती कुठून घेतली म्हणून कुणी रागावणार नाही, आणि कुणी रागावलं तरी सांगा.

पायरी तिसरी: या प्रश्नांची उत्तरं खरी द्या

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड द्यायचं की नाही, याचा निकाल इथं लागतो. म्हणून या पायरीवर घाई नको.

आधी रक्तस्रावाचा इतिहास. ‘मावशी, दात काढला तेव्हा रक्त थांबलं होतं ना लगेच?’ ‘थांबलं होतं की.’ ‘आणि बाळंतपणात?’ ‘धाकट्याच्या वेळी लई गेलं होतं बघा, दोन बाटल्या चढवल्या होत्या.’ या एका वाक्यातून जे कळतं ते प्रयोगशाळेच्या कागदावरून कळेलच असं नाही. जखम न होता अंगावर निळे डाग पडतात का, पाळीत खूप रक्त जातं का, घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का, हे सगळं सांगा. पीटी, आयएनआर, एपीटीटी, बिंबाणूंची संख्या या रक्त गोठण्याच्या तपासण्या होतातच, पण काही आजारांत त्या सगळ्या बरोबर येतात आणि रक्त तरीही थांबत नाही.

मग उलट बाजूचे प्रश्न. पायाच्या शिरेत कधी गुठळी झाली होती का? पाय अचानक सुजून टणक झाला होता का? फुफ्फुसात गुठळी, पक्षाघाताचा झटका, हृदयविकाराचा झटका आला होता का? कधी? संततिनियमनाच्या किंवा पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या चालू आहेत का? गोळ्यांबद्दलचा हा प्रश्न सासू-सासऱ्यांसमोर विचारला तर खरं उत्तर येत नाही, म्हणून बाईने एकटीने डॉक्टरांशी बोलायची वेळ मागावी. घरात सण-समारंभ असला की दुकानातून पाळी पुढे ढकलायची गोळी आणली जाते, आणि तिची आठवण ऑपरेशनच्या वेळी कुणालाच नसते.

आजपर्यंतच्या बहुतेक अभ्यासांत हे औषध दिल्यामुळे ऑपरेशननंतर गुठळ्यांचं प्रमाण ठळकपणे वाढलेलं दिसलं नाही. हे मोठं दिलाशाचं आहे. पण त्यातल्या पुष्कळ अभ्यासांनी गुठळीचा इतिहास असलेल्या रुग्णांना मुळातच बाजूला ठेवलं होतं, हेही तितकंच खरं. पोटातल्या रक्तस्रावासाठी चोवीस तास मोठ्या मात्रेत हे औषध देऊन पाहिलेल्या २०२० सालच्या अभ्यासात मृत्यू कमी झाले नाहीत, शिरांमधल्या गुठळ्या आणि फिट मात्र जास्त दिसल्या. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ज्याला सध्या गुठळी आहे त्याला हे औषध द्यायचं नाही. ज्याला पूर्वी होती, त्याच्याबाबत रक्त जाण्याचा धोका मोठा की गुठळीचा, हे त्या एका माणसापुरतं तोलायचं, आणि ते तोलणं घरच्यांना समजावून सांगायचं.

आणखी दोन गोष्टी. औषध जवळजवळ सगळं मूत्रपिंडांतून बाहेर पडतं. मधुमेह आणि रक्तदाब जुना असेल तर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तातली तपासणी, वाढलेलं असू शकतं, तेव्हा मात्रा कमी करावी लागते, नाही तर औषध अंगात साठतं. आणि फिटचा त्रास असेल, लहानपणी येऊन गेला असेल तरी सांगा, कारण मोठ्या मात्रेत हे औषध फिट आणू शकतं.

सोलापुरात या गप्पा कधी मराठीत, कधी तेलुगूत, कधी कन्नडमध्ये, कधी उर्दूत होतात. आजींना तेलुगूच नीट येत असेल तर नातवाला सोबत आणा, पण त्याने आजींच्या वतीने अंदाजाने उत्तरं देऊ नयेत. प्रश्न आजींना त्यांच्या भाषेत विचारायचा आणि त्यांचं उत्तर जसंच्या तसं सांगायचं. संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा घेण्याआधीही हेच.

पायरी चौथी: रक्ताची सोय तरीही करा

इंजेक्शन मिळणार म्हणून रक्ताची सोय सोडायची नसते. मोठ्या ऑपरेशनला गट तपासून, जुळवून पिशव्या राखून ठेवाव्याच लागतात. सोलापुरात सिव्हिलची रक्तपेढी आहे, दमाणी रक्तपेढी आहे, आणखीही आहेत. उन्हाळ्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं कमी होतात आणि साठा आटतो. एप्रिल-मेमध्ये ऑपरेशन असेल तर आठवडाभर आधीच चौकशी करा.

पैसे देऊन रक्तदाता आणणं १ जानेवारी १९९८ पासून देशात बंद आहे. रुग्णालयाच्या फाटकापाशी कुणी तशी ऑफर दिली तर सरळ नाही म्हणा, ते रक्त सुरक्षित नसतं. भाऊ किंवा मुलगा रक्त द्यायला तयार असेल तर त्याने रक्तपेढीत द्यावं, ते दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. जवळच्या रक्ताच्या नात्यातलं रक्त थेट रुग्णाला देणं टाळतात, कारण त्यात दुर्मीळ पण घातक गुंतागुंत होऊ शकते.

राखून ठेवलेली पिशवी वापरलीच पाहिजे असा हट्ट करू नका. ‘आणलीय तर चढवून टाका, ताकद येईल’ असं नातेवाईक म्हणतात. इतर त्रास नसलेल्या रुग्णाला हिमोग्लोबिन साधारण ७ ते ८ च्या खाली गेल्याशिवाय रक्त देत नाहीत, हृदयरोग असेल तर थोडं आधी. एक पिशवी सुमारे एक ग्रॅम वाढवते, आणि प्रत्येक पिशवीसोबत थोडा धोकाही येतो.

योजनेत ऑपरेशन करायचं असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधीच भेटा आणि कुठला खर्च त्यात बसतो ते विचारून घ्या.

पायरी पाचवी: थिएटरमध्ये काय घडतं

इथं तुमच्या हातात काही नसतं, पण काय होतं ते माहीत असलेलं बरं. भूल दिल्यावर, चीर देण्याआधी पहिली मात्रा शिरेतून देतात. किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम ही रोजची रीत. साठ किलोच्या माणसाला किलोमागे १५ ने ९०० मिलिग्रॅम होतात. आपल्याकडे ५०० मिलिग्रॅमची पाच मिलीची ॲम्प्यूल मिळते, म्हणजे जवळजवळ दोन ॲम्प्यूल. ते सावकाश द्यायचं, मिनिटाला १०० मिलिग्रॅमहून वेगाने नाही, कारण घाईने दिल्यास रक्तदाब पडतो. लांबणाऱ्या ऑपरेशनमध्ये त्यानंतर दर तासाला किलोमागे सुमारे १ मिलिग्रॅम चालू ठेवतात. पाठीचा मोठा बाक सरळ करताना काही केंद्रांत याहून बऱ्याच मोठ्या मात्रा वापरतात. काही सर्जन जखम शिवण्याआधी औषध जखमेतही टाकतात, पण मज्जारज्जूचं आवरण फाटलेलं असेल तर तसं करायचं नाही.

हा लेख वाचणाऱ्या सिस्टर, ब्रदर आणि विद्यार्थ्यांना एक विनंती. हे औषध चुकून पाठीतल्या भुलेच्या जागी गेलं तर लगेच झटके येतात आणि रुग्ण दगावू शकतो. पाठीत भूल देण्याचं औषध आणि हे औषध यांच्या ॲम्प्यूल सारख्या दिसू शकतात, आणि म्हणूनच २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने याबद्दल खास इशारा दिला. दोन्ही एका ट्रेमध्ये ठेवू नका. भुलेच्या ट्रॉलीपासून हे दूर, वेगळ्या कप्प्यात, मोठ्या अक्षरांत नाव लिहून ठेवा, आणि भरलेल्या सिरिंजवर लेबल लावल्याशिवाय ती खाली ठेवू नका.

औषधाबरोबर रुग्णाला उबदार ठेवणंही चालतं. शरीर गार पडलं की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. सर्जन हाडावर मेण लावतात, शिरा जाळून बंद करतात, रक्तदाब मर्यादेत ठेवला जातो. हे सगळं मिळून रक्त वाचतं. एकट्या इंजेक्शनच्या भरवशावर कुणी राहत नाही.

पायरी सहावी: पहिली रात्र

पहिल्या रात्री रुग्णाशेजारी बसणाऱ्याची जबाबदारी मोठी असते. रुग्णालयात बसणारा माणूस जागता आणि बोलता असावा. दिवसभर लूम चालवून आलेल्याला रात्री बसवू नका, पाळ्या लावा.

पाठीजवळून एक नळी बाहेर येते आणि तिच्या टोकाला दाबलेला डबा किंवा पिशवी असते. त्यात जमलेलं रक्त सिस्टर मोजून लिहितात. पहिल्या काही तासांत लालभडक आणि जास्त, मग हळूहळू फिकं आणि कमी, असा क्रम अपेक्षित आहे. डबा स्वतः उघडू नका, रिकामा करू नका. भरत आला असेल तर सांगा. नळीतून रक्ताऐवजी पाण्यासारखं पातळ यायला लागलं किंवा उठून बसल्यावर डोकं फार दुखलं, तर तेही सांगा, कारण आवरणातलं पाणी गळत असू शकतं. काही ठिकाणी पहिल्या रात्री ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची आणखी एखादी मात्रा देतात. मळमळ, उलटी, जुलाब हे त्याचे नेहमीचे किरकोळ त्रास आहेत.

आता ज्याच्यासाठी जागं राहायचं ते सांगतो. नळी असो वा नसो, औषध दिलेलं असो वा नसो, थोड्या रुग्णांत मणक्याच्या पोकळीत रक्त साचतं आणि नसांवर दाब येतो. हे दुर्मीळ आहे, पण इथं एकेक तास मोजावा लागतो. खुणा अशा: औषध देऊनही पाठीचं दुखणं कमी होण्याऐवजी चढत जातं. ऑपरेशननंतर हलत असलेला पाय किंवा पंजा जड पडायला लागतो. मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसायच्या जागी बधिरपणा पसरतो. लघवीची नळी नसेल तर लघवी होत नाही. रक्त येणारी नळी एकाएकी कोरडी पडते आणि त्याच सुमाराला दुखणं वाढतं, तेव्हाही ती गुठळीने बंद झालेली असू शकते.

दर दोन तासांनी रुग्णाला पायाचे अंगठे आणि पंजे वरखाली करायला सांगा. आधी जसे हलत होते तसेच हलतात का ते बघा. बदल दिसला तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. रात्रीचे तीन वाजले असले तरी सिस्टरना उठवा, ‘पाय आधी हलत होता, आता हलत नाही’ हे याच शब्दांत सांगा, आणि सर्जनना फोन लागेपर्यंत तिथून हलू नका. अशा वेळी एमआरआय करून, किंवा तोही न करता, रुग्णाला पुन्हा थिएटरमध्ये नेऊन साचलेलं रक्त काढावं लागतं. ते काही तासांत झालं तर पाय परत येण्याची आशा चांगली असते.

घरी जाताना आणि गेल्यावर

औषधाने रक्त वाचलं तरी पायात गुठळी होण्याचा धोका पडून राहिल्याने असतोच. पंजे दर तासाला दहा-पंधरा वेळा वरखाली करा, डॉक्टरांनी सांगितल्या वेळी उठून चाला, पाणी पुरेसं प्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, पाण्याकडे दुर्लक्ष करू नका. एका पोटरीला सूज आणि दुखणं आलं, छातीत कळ आली, दम लागला, तर घरगुती शेक-मालिश न करता लगेच रुग्णालय गाठा. सुजलेली पोटरी चोळायची तर मुळीच नाही.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्याही मिळतात. जास्त पाळी जाते म्हणून पुष्कळ बायकांच्या घरात त्या आधीपासून असतात. जखमेतून थोडं रक्त किंवा पाणी दिसलं म्हणून त्यातली गोळी घेऊ नका. जखम ओली राहण्यामागे जंतुसंसर्ग असू शकतो, आणि गोळीने तो बरा होणार नाही, फक्त वेळ जाईल. पट्टी भिजत राहिली, ताप आला, तर दाखवायला या.

आठ-दहा दिवसांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपासून घ्या. कमी असेल तर लोहाच्या गोळ्या दोन-तीन महिने चालू ठेवाव्या लागतात.

आणि रुग्णालय सोडण्याआधी डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन एक गोष्ट तपासा: बंद केलेली ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन कुठल्या तारखेला पुन्हा सुरू करायची, ते त्यावर लिहिलं आहे का. ‘नंतर बघू’ किंवा ‘पुढच्या भेटीत’ नको, तारीख हवी. नसेल तर तिथेच लिहून मागा, आणि इंडी, अक्कलकोट, सांगोला कुठेही लांबचं गाव असलं तरी गाडीत बसण्याआधी मागा.